ताणातल्या पानाची रंध्रं मोजताना: नागपूरच्या उन्हात, काळ्या मातीत नेमकं काय करायचं

‘चार दिवस पाणी तोडलं आणि पर्णरंध्रांची संख्या कमी झाली.’ या वाक्यावर संपणारे प्रकल्प-अहवाल दरवर्षी दिसतात, आणि हा निष्कर्ष जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो. पूर्ण वाढलेल्या पानावर रंध्रं किती, हे पान कोवळं असतानाच ठरून गेलेलं असतं. चार दिवसांत ती मिटू शकतात, नाहीशी होत नाहीत. मग संख्या कमी कशी भरली? वेगळं पान घेतलं, वेगळ्या जागी मोजलं, किंवा मिटलेली रंध्रं नजरेतून सुटली.

खालची पद्धत बीएस्सी-एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी, कनिष्ठ महाविद्यालयात प्रकल्प करून घेणाऱ्या शिक्षकांसाठी आणि बागेला ताण देताना पानात काय घडतं हे जाणून घ्यायची हौस असलेल्या संत्रा बागायतदारांसाठी आहे. सूक्ष्मदर्शक, वजनकाटा, पान वाळवायला ओव्हन आणि पारदर्शक नेलपॉलिश एवढ्यावर सातव्या टप्प्यापर्यंत जाता येतं. पुढच्या दोन टप्प्यांना सुसज्ज प्रयोगशाळा लागते.

## टप्पा १: तुमचा प्रश्न कोणत्या घड्याळाचा आहे ते आधी ठरवा

पान ताणाला तीन वेगवेगळ्या घड्याळांवर उत्तर देतं. झाड निवडण्याच्याही आधी यातलं एक घड्याळ निवडायचं आहे.

पहिलं मिनिटांचं. माती सुकू लागली, हवा कोरडी झाली की पानात ॲब्सिसिक आम्ल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. रंध्राच्या दोन बाजूंना असून त्याची उघड-मीट करणाऱ्या रक्षक पेशींमधली ग्राही प्रथिनं ते पकडतात. त्यामुळे ओएसटी-१ या विकराला दाबून ठेवणारी फॉस्फेटेज प्रथिनं बाजूला होतात आणि मोकळा झालेला ओएसटी-१ स्लॅक-१ नावाची आयन-वाहिनी (पेशीच्या पटलातलं आयनांचं दार) चालू करतो. क्लोराइड आणि मॅलेट बाहेर पडतात, पाठोपाठ पोटॅशियम जातं, त्यामागून पाणी. रक्षक पेशी सैलावतात आणि रंध्र मिटतं. ही सगळी यंत्रणा पेशीत आधीपासून तयार असते, त्यामुळे रंध्र मिटायला सुरुवात होण्यासाठी नवं जनुक वाचलं जाण्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरं तासांचं. ताण टिकला की जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे कोणतं जनुक किती चालू आहे हे, बदलते. ॲब्सिसिक आम्ल बनवणारं एनसीईडी-३ वाढतं, आरडी-२९-ए सारखी ताण-जनुकं चालू होतात. उष्णता असेल तर उष्माघात-प्रथिनांची जनुकं काही मिनिटांतच जागी होतात आणि तासाभरात भरपूर वाढलेली दिसतात.

तिसरं दिवसांचं आणि आठवड्यांचं. नव्या, अजून घडत असलेल्या पानात किती पेशी रंध्र होण्याच्या वाटेला लागतील हे स्पीचलेस, म्यूट आणि फामा या तीन जनुकांच्या क्रमावर ठरतं. ईपीएफ-२ सारखे पेप्टाइड (छोटी प्रथिनं) या वाटेला लगाम घालतात, स्टोमॅजेन तिला चालना देतो. मोठी पानं बाहेरचा प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड ‘चाखतात’ आणि कोवळ्या पानांना निरोप धाडतात. त्यामुळे ताणाचा रंध्रसंख्येवरचा परिणाम पाहायचा असेल, तर ताण चालू असताना जन्मलेलं आणि वाढलेलं पानच घ्यायला हवं.

थोडक्यात, ‘रंध्र किती उघडं’ हा प्रश्न असेल तर जुनं पान चालेल, काम एका सकाळीत होईल. ‘कोणतं जनुक चालू झालं’ असेल तर काही तासांपासून काही दिवसांपर्यंतचे नमुने लागतील. ‘रंध्रं किती’ असेल तर किमान चार-पाच आठवड्यांची तयारी ठेवा.

तपासा: प्रकल्पाचं शीर्षक मोठ्याने वाचा. त्यात ‘संख्या’ हा शब्द आहे आणि ताण आठवड्याभराचाच आहे, तर इथेच थांबा आणि शीर्षक बदला.

## टप्पा २: झाड निवडा

गुलाब सुंदर दिसतो म्हणून गुलाब घेऊ नका. पानाची कोणती बाजू मोजायची, पानावर लव किती आणि पानाची साल (वरचा पातळ पापुद्रा) सोलून निघते का, या तीन गोष्टींवर निवड ठरते.

संत्र्याच्या पानाला रंध्रं खालच्या बाजूलाच असतात, आंब्यालाही तसंच. वरच्या बाजूचा ठसा घेऊन ‘ताणामुळे रंध्रं पूर्ण नाहीशी झाली’ असं लिहिलं, तर परीक्षक हसणारच. पऱ्हाटी (कपाशी), सोयाबीन, सूर्यफूल, ज्वारी, गहू यांना दोन्ही बाजूंना रंध्रं असतात आणि दोन्ही बाजूंची संख्या सारखी नसते. ज्वारी-गव्हाच्या रक्षक पेशी डंबेलच्या आकाराच्या असून ओळीत मांडलेल्या असतात. बाकीच्यांच्या घेवड्याच्या दाण्यासारख्या. कण्हेर टाळाच, तिची रंध्रं पानाच्या खळग्यांत लपलेली असतात आणि ठशात येतच नाहीत. तुरीच्या पानावरची लव ठसा फाडते. सोयाबीनलाही लव आहे, पण शिरांमधली जागा निवडली तर काम निभतं.

सगळ्यात सोयीचं झाड पावसाळ्यात वावराच्या बांधावर फुकट मिळतं, ते म्हणजे केना. शेतकरी ज्याला तण म्हणून उपटून फेकतो, तो केना रंध्रांच्या अभ्यासासाठी फार कामाचा आहे. त्याची खालची साल चिमट्याने अलगद सुटते आणि रंध्रं मोठी असतात. पावसाळा नसेल तर कुंडीतला रिओ घ्या, वरून हिरवा आणि खालून जांभळा. त्याच्या जांभळ्या सालीवर हिरव्या रक्षक पेशी रंग न लावताही उठून दिसतात.

संत्र्याबाबत एक इशारा. त्याच्या रंध्रावर बाहेरून क्युटिकलची (पानावरच्या मेणचट थराची) उंच कड असते. नेलपॉलिशचा ठसा त्या कडेचा येतो, आतल्या खऱ्या भोकाचा नाही. म्हणून संत्र्याच्या ठशावरून संख्या मोजा. रंध्र किती उघडं होतं हे त्यावरून सांगू नका, त्यासाठी पोरोमीटर, म्हणजे रंध्रांतून किती बाष्प जातं ते मोजणारं यंत्र, लागतो.

## टप्पा ३: ताण मोजून द्या, अंदाजाने नाही

‘एका कुंडीला पाणी दिलं, दुसरीला नाही’ हा ताण नव्हे, ती हयगय झाली. ताण वजनावर द्यायचा.

१. सगळ्या कुंड्या एकाच मापाच्या घ्या आणि त्यांत कोरड्या मातीचं वजन सारखं ठेवा.
२. कुंडी पूर्ण भिजवा, वरून झाका, रात्रभर निथळू द्या आणि सकाळी वजन करा. हे शंभर टक्के.
३. समजा रिकामी कुंडी ०.४ किलो, कोरडी माती ५ किलो आणि निथळलेली कुंडी ७.२ किलो भरली. म्हणजे मातीने १.८ किलो पाणी धरलं.
४. चाळीस टक्क्यांचा ताण हवा तर ०.७२ किलो पाणी राहायला हवं. म्हणजे कुंडीचं लक्ष्य-वजन ६.१२ किलो.
५. रोज एकाच वेळी वजन करा आणि जेवढं घटलं तेवढंच पाणी घाला.

झाड वाढत जातं, त्याचंही वजन यात येतं. म्हणून दोन-तीन कुंड्या जास्तीच्या लावा, दर आठवड्याला एक झाड उपटून त्याचं वजन घ्या आणि लक्ष्य-वजनात तेवढी भर घाला. बिनझाडाची एक कुंडीही ठेवा. नुसत्या मातीतून किती पाणी उडतं ते तीच सांगते, आणि नागपूरच्या एप्रिलमध्ये ते थोडं नसतं.

आता काळ्या मातीबद्दल. ही माती पाणी भरपूर धरते, पण त्यातलं बरंचसं झाडाला सोडत नाही. त्यामुळे काळ्या मातीतले चाळीस टक्के आणि वाळूमिश्रित मातीतले चाळीस टक्के झाडाच्या दृष्टीने एक नसतात. काळ्या मातीत तोच आकडा जास्त कडक पडतो. शिवाय सुकली की ती कुंडीच्या कडेपासून सुटते, भेगा पडतात आणि वरून ओतलेलं पाणी कडेने सरळ बशीत उतरतं. वजन वाढलेलं दिसतं आणि मूळ कोरडंच राहतं. उपाय दोन आहेत. एक तर तिसरा हिस्सा वाळू मिसळा, नाहीतर पाणी तीन-चार हप्त्यांत थोडं थोडं घाला.

सावधान: मे महिन्यात बाहेर केलेला ‘दुष्काळ-प्रयोग’ हा उष्णता आणि दुष्काळ यांचा एकत्र प्रयोग असतो. नवतपात (मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ४५ अंशांवर ठेवलेल्या, पाणी दिलेल्या कुंडीलाही ताणमुक्त म्हणता येत नाही. नुसता पाण्याचा ताण पाहायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. उन्हाळ्यातच करायचं असेल तर चार गट करा: सावलीत-पाणी, सावलीत-ताण, उन्हात-पाणी, उन्हात-ताण. यातला एक गट गाळला की उरलेल्यांचा अर्थ लागत नाही.

## टप्पा ४: घड्याळ पाहून पान धरा

रंध्रं सकाळी उजेडाबरोबर उघडतात आणि नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी मिटतात, पाणी दिलेल्या झाडाचीसुद्धा. हवा किती तहानलेली आहे यावर ते अवलंबून असतं. ऑगस्टमधल्या २८ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत बाष्पदाबाची तूट (हवेच्या या तहानेचं माप) साधारण १.५ किलोपास्कल असते. मेमधल्या ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेत ती ७ च्या आसपास जाते. एवढी कोरडी हवा असली की माती ओली असूनही पान दार लावून घेतं. दुपारी एकला दोन्ही गटांचे ठसे घेतले तर दोन्हीकडे मिटलेलीच रंध्रं मिळतील आणि ‘ताणाचा परिणाम नाही’ असा उलटाच निष्कर्ष निघेल.

म्हणून हिवाळ्यात ९ ते ११ आणि उन्हाळ्यात ७ ते ९ या वेळेत ठसे घ्या. दोन्ही गटांची पानं आलटून-पालटून घ्यायची. आधी सगळी पाण्याची आणि मग सगळी ताणाची असं केलंत तर मधला दीड तासच तुमचा ‘परिणाम’ होऊन बसेल. ढग आला तर थांबा, तो सरल्यावर पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या.

आणि कूलर. उन्हाळ्यात खोलीत कूलर चालू असतो, कुंडी ‘जरा सावलीत’ म्हणून आत आणली जाते आणि पानाभोवतीची हवा पाहता पाहता गार-ओली होते. ती हवा लागली की रंध्रं पुन्हा उघडायला लागतात. ठसा कुंडी जिथे आहे तिथेच घ्या. पान तोडून पिशवीत भरून आणणं त्याहून वाईट. अनेक झाडांत पान तोडल्यावर काही मिनिटं रंध्रं उलट जास्त उघडतात आणि मग मिटतात. तुम्ही मोजता तो कात्रीचा परिणाम असतो.

तपासा: वहीत प्रत्येक ठशापुढे वेळ, तापमान, आर्द्रता आणि पानाचा क्रमांक आहे का? पानाचा क्रमांक शेंड्याकडून मोजायचा आणि सगळीकडे तोच ठेवायचा, उदाहरणार्थ वरून तिसरं पूर्ण उलगडलेलं पान.

## टप्पा ५: पान खरंच तहानलेलं आहे का, हे पाहा

मातीचं वजन ताण दाखवतं. पानाला तो लागला की नाही, ते पानाचं सापेक्ष जलप्रमाण दाखवतं. शेजारच्या त्याच क्रमांकाच्या पानाच्या चकत्या कापा आणि लगेच वजन करा. चार तास शुद्ध पाण्यावर तरंगत ठेवा, टिपकागदाने वरचं पाणी टिपा, पुन्हा वजन करा. मग ७० ते ८० अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि तिसरं वजन घ्या.

ताजं वजन ०.४२ ग्रॅम, फुगलेलं ०.५० आणि वाळलेलं ०.१० असेल तर ताज्यातून वाळलेलं वजा ०.३२, फुगलेल्यातून वाळलेलं वजा ०.४०. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ८० टक्के.

दोन्ही गटांचा आकडा सारखाच आला तर घाबरू नका. रंध्रं वेळेवर मिटवून पान आपलं पाणी राखून असू शकतं, आणि तोच तर प्रतिसाद आहे. पण ताण देऊन आठवडा उलटला, जलप्रमाणात फरक नाही आणि रंध्रांतही नाही, तर ताण बसलेलाच नाही. टप्पा ३ कडे परत जा. बहुतेक वेळा दोष कडेने उतरलेल्या पाण्याचा निघतो.

## टप्पा ६: ठसा घ्या

बर्डीवरून (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून) पारदर्शक, बिनचमकीचं नेलपॉलिश आणा. सेलोटेप पूर्ण पारदर्शक हवी, दुधी नको.

१. पान झाडावरच असू द्या. दव किंवा धूळ असेल तर कापसाने कोरडं टिपा, घासू नका.
२. ब्रश बाटलीच्या तोंडाला पुसून घ्या. मधली शीर आणि कड यांच्या मधोमध नखाएवढ्या जागेवर एकाच दिशेने एक पातळ हात फिरवा. दुसरा हात फिरवू नका.
३. वाळू द्या. हिवाळ्यात दहा मिनिटं लागतात, मे महिन्यात तीन-चारही पुरतात.
४. सेलोटेप वर चिकटवून अंगठ्याने हलकेच दाबा आणि एका कोपऱ्यापासून सावकाश उचला.
५. कोरड्या काचपट्टीवर सपाट लावा. पाणी नको, आच्छादन-काचही नको. पट्टीवर लगेच क्रमांक लिहा.

चांगला ठसा उजेडात तिरपा धरला की मॅट दिसतो, त्यात शिरांची बारीक जाळी उमटलेली असते. गुळगुळीत चकाकत असेल तर पॉलिश जाड झालं, फेकून द्या. पावसाळ्यात ठसा पांढुरका पडला तर हवेतली ओल त्यात शिरली आहे, पंख्याखाली वाळवून पाहा. मे महिन्यात उलटी अडचण. पॉलिश पसरण्याआधीच सुकतं आणि त्याचे तंतू ओढले जातात. बाटली सावलीत गार ठेवा आणि सकाळीच आटपा.

सूक्ष्मदर्शकाखाली ‘काहीच दिसत नाही’ ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. ठसा पारदर्शक असतो, पूर्ण उजेडात त्याच्या कडा विरून जातात. कंडेन्सरची पडदी जवळजवळ मिटवा, उजेड कमी करा. आधी दहापट ऑब्जेक्टिव्हवर जाळी शोधा, मग चाळीसवर जा.

सावधान: नेलपॉलिशमधला द्रावक पेशींना इजा करतो. एका जागेचा ठसा एकदाच घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच पानाच्या दुसऱ्या अर्ध्यावर घ्या.

## टप्पा ७: संख्या, निर्देशांक आणि एकूण रंध्रं

दृश्यवर्तुळ किती मोठं आहे हे माहीत नसेल तर मोजलेल्या रंध्रांना अर्थ नाही. आयपीसवर फील्ड-क्रमांक छापलेला असतो. तो १८ असेल आणि ऑब्जेक्टिव्ह चाळीस पट असेल तर वर्तुळाचा व्यास १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिलिमीटर. क्षेत्रफळ ०.१५९ चौरस मिलिमीटर. स्टेज मायक्रोमीटर (बारीक मोजपट्टी कोरलेली काचपट्टी) मिळत असेल तर त्यावर हे एकदा पडताळून घ्या. वर्तुळात २४ रंध्रं दिसली तर घनता चौरस मिलिमीटरला १५१. वर्तुळाच्या कडेवर अर्धवट आलेली रंध्रं डाव्या बाजूची धरा, उजव्या बाजूची सोडा, आणि हा नियम मधेच बदलू नका.

इथे एक फसगत आहे आणि ती ओळखण्यासाठी दुसरा आकडा लागतो, तो म्हणजे रंध्र-निर्देशांक. एका वर्तुळातली रंध्रं भागिले रंध्रं अधिक इतर अपित्वचा-पेशी (सालीतल्या बाकीच्या पेशी), गुणिले शंभर.

पाण्याच्या पानात २४ रंध्रं आणि १३६ इतर पेशी: निर्देशांक १५. ताणात वाढलेल्या पानात ३० रंध्रं आणि १७० इतर पेशी: निर्देशांक तोच १५. घनता मात्र १५१ वरून १८९ झाली! काय घडलं? पेशी लहान राहिल्या, म्हणून त्याच जागेत सगळंच जास्त मावलं. किती पेशींनी रंध्र व्हायचं, हा स्पीचलेसच्या वाटेवरचा निर्णय बदललाच नाही. निर्देशांक बदलला असता तरच विकासाच्या जनुकांकडे बोट दाखवता आलं असतं.

पानाचं क्षेत्रफळही मोजा. आलेखाच्या कागदावर पान ठेवून कड गिरवली की झालं. पाण्याचं पान ४० चौरस सेंटिमीटर आणि ताणाचं ३० असेल, तर एकूण रंध्रं ६,०४,००० आणि ५,६७,००० होतात. घनता वाढली, निर्देशांक तसाच आणि एकूण रंध्रं कमी: तिन्ही विधानं एकाच पानाबद्दल खरी आहेत. अहवालात नुसतं ‘रंध्रं वाढली’ किंवा ‘घटली’ लिहिणं म्हणूनच निरर्थक आहे.

एका पानाची दहा वर्तुळं म्हणजे दहा नमुने नव्हेत. त्यांची सरासरी हा एक आकडा. नमुन्यांची संख्या म्हणजे स्वतंत्र झाडांची संख्या, प्रत्येक गटात किमान पाच-सहा. मोजणाऱ्याला पट्टी कोणत्या गटाची आहे हे कळू देऊ नका. पट्ट्यांना मित्राकडून आकडे घालून घ्या आणि यादी त्याच्याजवळच राहू द्या.

## टप्पा ८: उघड-मीट मोजायची तर केन्याची साल

सकाळी केन्याचं कोवळं पण पूर्ण उलगडलेलं पान घ्या. खालून हलकी चीर देऊन साल चिमट्याने सोला आणि लगेच द्रावणात तरंगत सोडा, बाहेरची बाजू वर. द्रावणात ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि १० मिलिमोलर मेस बफर (सामू स्थिर ठेवणारं रसायन), सामू सुमारे ६.१५. अडीच-तीन तास पांढऱ्या उजेडाखाली, २५ अंशांच्या जवळपास ठेवा, रंध्रं पूर्ण उघडतील. मग अर्ध्या साली १० मायक्रोमोलर ॲब्सिसिक आम्ल असलेल्या द्रावणात हलवा आणि तासाभराने दोन्हीकडची रंध्रांची रुंदी मोजा. प्रत्येक सालीवर वीस-तीस रंध्रं पुरेत.

ॲब्सिसिक आम्ल आधी थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवावं लागतं. मग तेवढंच इथेनॉल दुसऱ्या वाटीतही घालायला हवं. हे विसरलं जातं आणि निकालातला फरक आम्लाचा की मद्यार्काचा, हे सांगता येत नाही. आम्ल अंधारात, गार जागी ठेवा, प्रकाशात ते बिघडतं.

रुंदी मोजायला आयपीसमधली पट्टी वापरा. तिचे दहा भाग स्टेज मायक्रोमीटरवर २५ मायक्रोमीटर भरले, तर एक भाग अडीच मायक्रोमीटरचा. मोबाईलने फोटो काढून इमेज-जे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोजलं तर आणखी बरं, फक्त त्याच भिंगाखाली मोजपट्टीचाही एक फोटो काढून ठेवा.

मिठाच्या घट्ट पाण्यात साल टाकून ‘पाहा, ताणात रंध्र मिटलं’ असं दाखवण्याची पद्धत सोडून द्या. तिथे पाणी परासरणाने ओढलं जातं, आयन-वाहिन्या बंद पडलेल्या असल्या तरी ते घडेल. जनुकं, ग्राही प्रथिनं, ओएसटी-१ यांचा त्यात काहीच सहभाग दिसत नाही.

तपासा: उजेडात ठेवूनही रंध्रं उघडलीच नाहीत तर साल जखमी आहे किंवा पान दुपारचं आहे. न्यूट्रल रेडचा थेंब घाला, जिवंत रक्षक पेशी तो रंग आत घेतात. रंग घेतला नाही तर साल टाकून द्या.

## टप्पा ९: जनुकांची अभिव्यक्ती

या टप्प्यात नमुना बिघडतो तो यंत्रापर्यंत पोहोचायच्या आधी. पान तोडल्यापासून द्रव नायट्रोजनमध्ये बुडवेपर्यंतचा वेळ सेकंदांत मोजा. तोडणं हीच जखम आहे, पाणी उडणं हाच ताण आहे, आणि जनुकं दोन्हींना लगेच उत्तर देऊ लागतात. बर्फाच्या डब्यात घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलेलं पान प्रवासाची हकिकत सांगेल, कुंडीची नाही. गोठवल्यावर उणे ८० अंश, आणि कुटतानाही मधे वितळू द्यायचं नाही.

तोडण्याची वेळ दोन्ही गटांत तीच ठेवा. ताणाला उत्तर देणारी बरीच जनुकं दिवसाच्या घड्याळानुसारही वर-खाली होतात. सकाळचं पाण्याचं पान आणि दुपारचं ताणाचं पान यांची तुलना केली तर फरक हमखास मिळतो, पण तो खोटा असतो.

जनुक चालू झालं की त्याची आरएनए-नक्कल बनते, मोजायची ती हीच. आरएनए काढताना संत्रा आणि पऱ्हाटी त्रास देतात. त्यांच्या पानांत पॉलिफिनॉल आणि शर्करा भरपूर असतात, साध्या किटमधून तपकिरी, चिकट गोळा हाती येतो. या झाडांसाठी सीटॅब (सीटीएबी) हे रसायन वापरणारी पद्धत घ्या. नंतर डीएनएज हे विकर देऊन उरलेला डीएनए काढा. पुढे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर आरएनएवरून डीएनए बनवतं आणि पीसीआरमध्ये त्याच्या प्रती वाढवून मोजल्या जातात. ‘रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेला’ नमुनाही पीसीआरमध्ये ठेवा. त्यात संकेत आला तर तुम्ही डीएनए मोजताय.

तुलनेसाठी ताणात न बदलणारं संदर्भ-जनुक कोणतं? ‘सगळे ॲक्टिन घेतात म्हणून ॲक्टिन’ हे कारण पुरेसं नाही. तुमच्या झाडात, तुमच्या ताणात ते स्थिर राहतं हे आधी पाहा, आणि दोन संदर्भ-जनुकं घ्या.

हिशेब असा. सीटी म्हणजे संकेत दिसेपर्यंत लागलेल्या पीसीआर-फेऱ्या. पाण्याच्या पानात लक्ष्य-जनुकाचा सीटी २६ आणि संदर्भाचा २०, फरक ६. ताणात लक्ष्य २३ आणि संदर्भ २०, फरक ३. फरकातला फरक उणे ३, म्हणजे दोनाचा तिसरा घात, आठ पट वाढ. सीटी कमी म्हणजे जनुक जास्त, इथे घाईत उलटं वाचणारे बरेच असतात. शिवाय प्रायमरची (पीसीआर सुरू करून देणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्यांची) कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तरच हा ‘दोन’ खरा.

सावधान: एका आरएनएचे तीन पीसीआर म्हणजे एकच झाड. तीन वेगळी झाडं हा किमान नियम.

## टप्पा १०: निकाल वाचताना

एनसीईडी-३ आठ पट वाढलं आणि रंध्रं मिटलेली दिसली, म्हणून पहिल्यामुळे दुसरं झालं असं लिहिता येत नाही. रंध्रं कधी मिटली आणि जनुक कधी वाढलं, याचे वेळेनुसार नमुने हवेत. रंध्रं आधी मिटली असतील तर ती मीट आधीच्या साठ्यातल्या आम्लामुळे किंवा कोरड्या हवेमुळे असू शकते. जनुकाची वाढ मग ती मीट टिकवून धरण्यासाठीची.

उष्णता आणि दुष्काळ एकत्र आले की चित्र आणखी गुंततं. भरपूर पाणी असताना गरम झालेलं पान थंड होण्यासाठी बऱ्याच झाडांत रंध्रं उघडतं, कोरडी माती मात्र ती मिटायला लावते. दोन्ही ताण एकदम आले की साधारणपणे मीट जिंकते आणि पान हवेपेक्षाही तापतं. इन्फ्रारेड तापमापक असेल तर पानाचं आणि हवेचं तापमान एकाच वेळी नोंदवा. पाण्याचं पान हवेपेक्षा गार आणि ताणाचं गरम असेल, तर रंध्रं न मोजताही त्यांची स्थिती कळते. भिंग हाती नसलेल्या बागायतदाराला हाच मार्ग सोपा.

संत्रा बागायतदारांसाठी एवढंच. आंबिया बहारासाठी (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडता तेव्हा हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. शेजाऱ्याने किती दिवस ताण दिला यावर जाऊ नका. दोन झाडांना पाणी चालू ठेवा आणि त्यांच्याशी तुलना करा. सकाळी दहाला दोन्हींच्या पानांचं तापमान सारखं असेल, तर कॅलेंडर काहीही म्हणो, ताण अजून पानापर्यंत पोहोचलेला नाही.